ट्रेनिंगला नावं देण्याआधी काय विचारायचं?



सोयाबीन घरात आलं की गावोगावी एक निरोप फिरायला लागतो. "मोफत ट्रेनिंग आहे, सर्टिफिकेट मिळतं, वीस नावं द्या." ग्रामसंघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो निरोप पडला की आपण संध्याकाळपर्यंत वीस नावं आणि वीस आधार कार्डांचे फोटो पाठवून देतो. मग बॅच होते, फोटो निघतो, सर्टिफिकेट येतं. अकोट तालुक्यातल्या एका ताईनं मला सांगितलं, "मॅडम, हे तिसरं सर्टिफिकेट. पेटीत ठेवाले जागा नाई." ती हसत होती, पण तीन बॅचमध्ये तिचे किती दिवस गेले आणि त्या दिवसांची किती मजुरी बुडाली, याचा हिशोब कोणी केला नाही.

ट्रेनिंग वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. पण ते कसं चालवलं जातं हे आपल्याला माहीत असेल, तर नावं देण्याआधी योग्य प्रश्न विचारता येतात. बॅच सुरू झाल्यावर ते विचारून फारसा उपयोग होत नाही.

आधी हे पाहू की ही केंद्रं येतात कुठून. काही बँकेची असतात, म्हणजे आरसेटी. तिची मूळ कल्पना कर्नाटकातल्या उजिरे गावात १९८२ साली सुरू झालेल्या संस्थेची. तिथं स्वतःचा धंदा करायला शिकवतात, राहणं-जेवण फुकट असतं, आणि ट्रेनिंग संपल्यावरही दोन वर्षं पाठपुरावा करायचा असतो. दुसरी नोकरीसाठीची. त्यात दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना येते, २०१४ ची. वय १५ ते ३५, बायांसाठी ४५ पर्यंत. तिसरी आता आपल्या अगदी जवळ आली आहेत. १९ ऑक्टोबर २०२३ ला राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली, आणि २० सप्टेंबर २०२४ ला कॉलेजांमधल्या आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांची योजना आली. म्हणजे तालुक्याच्या ज्या कॉलेजात आपली पोरगी बी.ए. करते, तिथंच आता कामाचं शिक्षणही मिळू शकतं. अमेरिकेत अशी कम्युनिटी कॉलेजं १९०१ पासून आहेत. आजूबाजूला कोणतं काम आहे ते पाहायचं, ते देणाऱ्यांशी बोलायचं आणि मग अभ्यासक्रम ठरवायचा, ही त्यामागची मूळ गोष्ट. यूजीसीनं आपल्याकडेही २०१३ च्या सुमारास तशी योजना आणली होती.

आता केंद्र आतून कसं चालतं ते पाहा. केंद्राला आधी मंजुरी मिळते: अमुक ट्रेड, इतक्या जागा, इतक्या दिवसांत. त्यानंतर त्यांचा माणूस गावात येतो. म्हणजे आपल्याला काय शिकायचं आहे हे विचारायला तो आलेला नसतो, मंजूर झालेल्या जागा भरायला आलेला असतो. यात त्याची चूक नाही, त्याचं कामच ते आहे. पैसे एकदम मिळत नाहीत, हप्त्यानं मिळतात. बॅच सुरू झाली, हजेरी लागली, बाहेरून आलेल्या परीक्षकानं परीक्षा घेतली, मग नोकरी लागली, असे टप्पे असतात. दीनदयाल योजनेत तर किमान ७० टक्के मुला-मुलींना काम लावून देणं बंधनकारक ठेवलं आहे, आणि तीन महिने कामावर टिकल्याचा पगाराचा पुरावा लागतो. म्हणजे ताई, तुम्ही बॅचमधून मधेच निघून गेलात तर नुकसान तुमचं होतं तसं केंद्राचंही होतं. म्हणून बॅच सुरू व्हायच्या आधी केंद्र आपलं ऐकून घ्यायला तयार असतं. त्या आठवड्यात आपला शब्द वजनदार असतो, आणि तोच आठवडा आपण आधार कार्डांचे फोटो काढण्यात घालवतो.

सगळ्यात जास्त गोंधळ शिवणकामात होतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर सांगते. "शिलाईचं ट्रेनिंग" एकच नसतं. सरकारी यादीत एक काम आहे सेल्फ एम्प्लॉइड टेलर. त्यात माप घेणं, कटिंग, ब्लाउज-ड्रेस पूर्ण शिवणं आणि गिऱ्हाईक सांभाळणं असतं. दुसरं आहे सोइंग मशीन ऑपरेटर. हे कारखान्याचं काम. तिथं विजेवर पळणारी जोरकस मशीन असते आणि दिवसभर एकच तुकडा शिवायचा असतो. एकीनं कॉलर, दुसरीनं बाही, तिसरीनं काजाची पट्टी. पूर्ण ब्लाउज शिवायला तिथं कोणी शिकवत नाही, कारण लाईनवर त्याची गरजच नसते. आता ज्या ताईला घरी बसून गावातले ब्लाउज शिवायचे आहेत ती दुसऱ्या कोर्सला बसली, तर सर्टिफिकेट मिळेल पण घरच्या पायमशीनवर काही सुधरणार नाही. आणि ज्या पोरीला कारखान्यात जायचं आहे ती पहिल्या कोर्सला बसली, तर कारखान्याच्या मशीनचा वेग पाहूनच घाबरेल. नाव एकच, वाट वेगळी. केंद्राला सरळ विचारा, "कोर्सचं पूर्ण नाव काय? शिकवायला मशीन कोणत्या आहेत? पाहायला येऊ का?" मशीन दाखवायला जे केंद्र कां-कूं करतं, तिथं माझ्या मते नावं देऊ नयेत.

हा फरक आता जास्तच महत्त्वाचा झाला आहे. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाचे कारखाने आहेतच. त्यात २० सप्टेंबर २०२४ ला अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली, हजार एकरांवरच्या. देशात असे सात पार्क व्हायचे आहेत, त्यातला एक आपल्याकडे. कापूस आपण पिकवतो, वेचतो, आणि सूत-कापड दुसरीकडे होतं, हे वऱ्हाडाचं जुनं दुखणं. कारखाने उभे राहतील तेव्हा मालकाला लाईनवर बसू शकेल अशी बाई पाहिजे असेल. ती आपल्या गावातून मिळाली नाही तर तो दुसरीकडून आणेल, तो काही थांबणार नाही.

अकोल्याकडचं चित्र वेगळं. तिथं डाळ मिल आहेत, जिनिंग आहे, आणि कृषी विद्यापीठ आहे. विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. आपल्याच तुरीची डाळ गावात करायची असेल तर शिलाईच्या बॅचपेक्षा ती मशीन चालवणं, डाळीची प्रत पाहणं, पॅकिंग आणि लेबलचे नियम हे शिकणं कामाचं. पण केंद्राच्या यादीत तो ट्रेड नसेल तर मागावा लागतो. मागणी एका समूहाची असेल तर कोणी मनावर घेत नाही, प्रभागसंघाच्या लेटरहेडवर चाळीस नावांची असेल तर घेतात.

आता वेळेचं. मृगाच्या पेरणीत आणि निंदणात बॅच ठेवली की ती मोडलीच समजा. कापूस वेचणी जोरात असतानाही तेच. मजुरीचे दिवस सोडून कोणती बाई वर्गात बसेल? वर्गाची वेळ सकाळी दहाची असेल आणि गावातून पहिली एसटी साडेनवाला निघत असेल, तर हजेरीच्या मशीनवर अंगठा वेळेत लागत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यानं खर्च निम्मा झाला, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? धारणीच्या ताईला अमरावतीला बोलावणं म्हणजे सकाळ रस्त्यातच घालवणं. मेळघाटातच लवादा इथं सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. तिथं शिक्षण लोकांच्या जवळ आहे, आणि ज्याचं शिक्षण तो बांबूही तिथलाच. मला तो नमुना आवडतो. सगळ्याच ट्रेडला तो लागू होणार नाही हेही खरं.

नोकरीच्या बॅचबद्दल आणखी थोडं. पोरगी कारखान्यात जाणार म्हटलं की घरात पहिला प्रश्न पगाराचा नसतो, "राहील कुठं, रात्री येईल कशी" हा असतो. तो केंद्रालाच विचारा, लाजू नका. नोकरी कोणत्या गावात, हॉस्टेल कोणाचं, पाळी रात्रीची आहे का, पगार बँकेत येतो का, पीएफ कापतात का. दहा किंवा जास्त लोक काम करतात तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं सक्तीचं आहे. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर पाळणाघराची सोय, हे २०१७ च्या मातृत्व लाभाच्या दुरुस्तीत आलं. लहान लेकरू असलेल्या ताईसाठी पाळणाघर आहे की नाही यावरच नोकरी टिकते की नाही ते ठरतं.

आणि आधी गेलेल्या बॅचचं विचारा. किती बसल्या, किती पास झाल्या, आज कामावर किती आहेत? शेवटच्या प्रश्नाला "बऱ्याच आहेत" असं उत्तर मिळालं तर दोन-तीन जणींचे फोन नंबर मागा आणि त्यांनाच विचारा. चांगलं केंद्र नंबर हसत देतं.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीत यासाठी एक कागद तयार करू या. प्रत्येक ग्रामसंघानं नावांच्या आधी तीन रकाने भरून आणायचे: कोणाला घरी धंदा करायचा आहे, कोण गाव सोडून नोकरीला जाऊ शकते, आणि वर्षातले कोणते महिने मोकळे आहेत. सीआरपी ताईंनी घरोघरी विचारूनच भरावा, समूहाच्या बैठकीत हात वर करून नको, कारण सासू शेजारी बसली असेल तर सून "नोकरीला जाते" असं म्हणत नाही. तालुक्याच्या कॉलेजात आणि केंद्रात हा कागद घेऊन मी आणि प्रभागसंघाच्या दोन ताया सोबत जाऊ. ज्यांना यायचं असेल त्यांनी बैठकीतच सांगा, येताना आधार कार्ड नाही आणलं तरी चालेल.