नदीपात्रातील जीवाश्म : शार्कचे दात आणि घटप्रभेचा गेंडा

शेताला पाणी, घरबांधणीला वाळू आणि गुराढोरांना पाणवठा देणारी नदी मधूनमधून आणखी एक वस्तू माणसाच्या हाती ठेवीत असते. ती वस्तू म्हणजे जीवाश्म. फार प्राचीन काळी मेलेल्या प्राण्याचा किंवा वनस्पतीचा जो अवशेष गाळात गाडला जाऊन, खनिजद्रव्ये शोषून दगडासारखा कठीण होतो, त्याला जीवाश्म असे म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक देवघरांत असा एक नदीतील जीवाश्म पिढ्यान्‌पिढ्या पूजला जात आहे. तुळशीच्या लग्नात मानाचे स्थान मिळविणारा, नेपाळातील गंडकी नदीतून येणारा शाळिग्राम हा बहुधा ॲमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म असतो. हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता, याची ही घरोघरी जपलेली साक्षच होय.

बेळगाव, निपाणी, चिकोडी व गोकाक या परिसरातील नद्यांच्या उदरातही असे काही दडले आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शार्कच्या दातांचा शोध

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात कूपर नावाची नदी आहे. पाठीवर हवेची नळकांडी बांधून आणि हाती दिवा घेऊन हौशी पाणबुडे तिच्या तळाशी उतरतात. पाणी गढूळ व काळसर असते. भरती-ओहोटीचा ओढही जोरदार असतो. त्यामुळे एकट्याने उतरणे धोक्याचे असून, समान छंद असलेली मंडळी नाव घेऊन गटागटाने जातात. तळावरील गोटे व रेती चाचपून ती जे वेचतात ते असतात शार्क माशाचे दात.

शार्क म्हणजे कोकण किनाऱ्यावर मिळणाऱ्या मुशीचाच जातभाई. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. कूर्चा लवकर कुजते व तिचा मागमूस सहसा उरत नाही. दात मात्र अत्यंत कठीण असतात. शिवाय शार्कचे दात आयुष्यभर पडत व नवे येत राहतात. एकाच माशाचे हजारो दात समुद्रतळावर पडतात. त्यांपैकी काही गाळात पुरले जाऊन दगड बनतात. पुढे समुद्र मागे हटतो, त्या गाळाची जमीन होते, तिच्यातून नदी वाहू लागते आणि काठ कापता कापता जुने दात आपल्या पात्रात पाडते. माती वाहून जाते. जड दात गोट्यांबरोबर तळाशी साचतात. कूपर नदीत सापडणारे सर्वांत मोठे दात मेगालोडॉन या महाकाय शार्कचे असतात. त्यांची लांबी १७ सेंटीमीटरच्या आसपास भरू शकते. हा मासा सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला.

असे दात युरोपात पूर्वीपासून माहीत होते; परंतु लोक त्यांना दगड झालेल्या जिभा समजत. १६६६ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने एका प्रचंड शार्कच्या मस्तकाचे विच्छेदन केले आणि या 'जिभा' म्हणजे शार्कचेच दात होत, असे दाखवून दिले. डोंगरातील दगडात समुद्रातल्या माशाचा दात कसा आला, या प्रश्नातून पुढे त्याने गाळाचे थर कसे साचतात याचे नियम मांडले. खालचा थर जुना व वरचा नवा, हा भूशास्त्राचा पहिला पाठ त्यातूनच मिळाला.

घटप्रभेत शार्कचे दात का नाहीत?

भारतातही शार्कच्या दातांचे जीवाश्म सापडतात. ओडिशातील बारीपदा येथे बुढाबळंग नदीच्या काठच्या थरांत, तसेच तामिळनाडूतील अरियलूर परिसरात ते मिळाले आहेत. या दोन्ही ठिकाणी एके काळी समुद्र होता.

बेळगाव-निपाणी भागाची घडण मात्र अगदी वेगळी आहे. निपाणीजवळून वाहणारी वेदगंगा व तिच्या शेजारची दूधगंगा ज्या काळ्या कातळावरून वाहतात, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्ह्याचा आहे. तप्त लाव्ह्यात प्राण्याचा अवशेष टिकणे शक्य नाही. गोकाकचा सुप्रसिद्ध धबधबा ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळतो, तो कलादगी मालिकेतील वालुकाश्माचा कडा शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहूनही जुना आहे. त्या काळी शार्क तर सोडाच, कोणताही मासा पृथ्वीवर अवतरला नव्हता. लाव्हा अतितप्त आणि वालुकाश्म अतिप्राचीन. या दोन कारणांमुळे येथील नदीत शार्कचा दात मिळण्याची आशा धरता येत नाही.

चिकडौलीचा गेंडा

परंतु याचा अर्थ येथील नद्या रिकाम्या हाताच्या आहेत, असा मुळीच नव्हे. कातळावर नद्यांनी नंतरच्या काळात जो गाळ अंथरला, त्यात जमिनीवरील प्राण्यांची हाडे सापडू शकतात. याचे उत्तम उदाहरण याच परिसरात घडले आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या १८५१ साली स्थापन झालेल्या संस्थेत रॉबर्ट ब्रूस फूट हे अधिकारी होते. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन दगडी हत्यार ओळखून त्यांनी भारतातील प्रागितिहासाच्या अभ्यासाचा पाया घातला. पुढे दक्षिण महाराष्ट्र देशाची पाहणी करीत असता गोकाकजवळील चिकडौली या गावी, घटप्रभेच्या खोऱ्यातील एका ओढ्याच्या गाळात त्यांना एका प्राण्याचे जबडे व दात मिळाले. ते गेंड्याचे होते. फूट यांनी १८७४ साली त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले व त्या प्राण्यास 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा गेंडा, असे नाव दिले.

आज गेंडा पाहावयाचा तर आसामातील काझीरंगा गाठावे लागते. त्याला गवताळ कुरणे व बारमाही पाणथळ जागा लागतात. एके काळी तो जर गोकाकच्या आसपास चरत असेल, तर त्या काळचे येथील पाऊसपाणी व वनस्पती आजच्याहून निराळ्या असल्या पाहिजेत. जबड्याचे तुकडे एवढी मोठी हकिकत सांगू शकतात.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी या खोऱ्यांचा कसून अभ्यास केला. रा. वि. जोशी यांचा मलप्रभा खोऱ्यावरील ग्रंथ १९५५ साली, तर रा. श्री. पप्पू यांचा कृष्णेच्या वरच्या खोऱ्यावरील ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. घटप्रभेच्या काठी अनगवाडी येथे आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. महाराष्ट्रात गोदावरीच्या गाळातून नांदूर मधमेश्वर येथे मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांचे वर्णन पिलग्रिम यांनी १९०५ साली केले. नर्मदेकाठी हथनोरा येथे तर अरुण सोनकिया यांना १९८२ साली प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग गवसला.

जागेचे महत्त्व

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कूपर नदीच्या तळाशी मिळणारा दात आपल्या मूळ थरातून केव्हाच सुटलेला असतो. तरीही तेथे पाणबुड्याला परवाना घ्यावा लागतो व काय सापडले याचा अहवाल ठरावीक मुदतीने द्यावा लागतो. फ्लॉरिडा राज्यात सरकारी जमिनीवरील पृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवाश्म गोळा करण्यास परवाना आवश्यक आहे. विपुल आढळणारे शार्कचे दात तेवढे त्यातून वगळले आहेत.

ओढ्याच्या दरडीत रुतलेल्या हाडाची गोष्ट याहून नाजूक आहे. ते हाड कोणत्या थरात, किती खोलीवर, कोणत्या दगडी हत्याराशेजारी होते, यावरून त्याचा काळ ठरतो. कुतूहलापोटी कोणी ते उपटून घरी नेले, तर हाड उरते. परंतु त्याची हकिकत पुसली जाते. वाळूचा उपसा, विहिरीचे खोदकाम, कालव्याची खोदाई, पुराने ढासळलेला काठ या सर्व प्रसंगी असे अवशेष उघडे पडतात. साधे हाड समजून ते फोडले किंवा भरावात टाकले, तर ते पुन्हा मिळणे नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा २०२२ साली प्रसिद्ध केला, त्यामागेही हीच चिंता होती.

ग्रामस्थ व शिक्षक यांनी काय करावे?

जीवाश्म झालेले हाड ताज्या हाडापेक्षा जड लागते व बहुधा काळपट किंवा तपकिरी दिसते. त्यावर चुनखडीचे कठीण थर बसलेले असू शकतात. असे काही दिसल्यास ते उकरू नये, धुऊ नये किंवा फोडू नये. शेजारी पट्टी अथवा काठी ठेवून छायाचित्र घ्यावे. गाव, ओढा, शेताचा गट क्रमांक, काठापासूनची खोली व तारीख वहीत टिपावी. पूर येण्याचा संभव असल्यास जागेवर खूण करून ग्रामपंचायतीस व तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग किंवा पुण्याचे डेक्कन कॉलेज यांच्याकडे छायाचित्रासह पत्र पाठवावे.

जीवाश्मांच्या शोधात डोहात किंवा वाळू काढलेल्या खड्ड्यांत बुडी मारण्याचे साहस मात्र कोणीही करू नये. अशा खड्ड्यांची खोली वरून समजत नाही व त्यांचे काठ ढासळतात. आपल्या भागातील जीवाश्म पाण्याखाली शोधण्यापेक्षा उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या दरडींत दिसण्याचा संभव अधिक आहे, आणि त्यासाठी डोळस नजर पुरेशी आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यापूर्वी एकदा गावच्या ओढ्यावर न्यावे. वरची काळी माती, खालची पिवळसर माती, त्याखालचे गोटे व तळाचा कातळ हे थर त्यांच्याकडून वहीत काढून घ्यावेत. स्टेनोचा नियम फळ्यावर शिकवावा लागणार नाही. तो समोरच्या काठावर वाचता येईल. चिकडौलीचा ओढाही असाच एक साधा ओढा होता. फूट यांच्या आधी कित्येकांनी तो ओलांडला असेल. थांबून पाहणारा एक माणूस आला, तेव्हा दख्खनचा गेंडा जगाला कळला.