गच्चीवरचे तेजोमेघ

फिल्मच्या काळात नागपूरच्या गच्चीवरून तेजोमेघ टिपायचा, तर पहिला मान मृगातल्या एम-४२चा. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तो असतो. आपल्याकडे तो ६३ अंशांपर्यंत वर चढतो आणि डिसेंबर-जानेवारीत विदर्भाची हवाही कोरडी असते. शटर उघडायचं आणि जोडीच्या छोट्या दुर्बिणीत, उजळलेल्या फुलीवर एक तारा धरून ठेवायचा. तो जरा सरकला की नॉब किंचित फिरवायचा. असं अर्धा-पाऊण तास, मान अवघडेपर्यंत. त्यात मंद प्रकाशात फिल्म सुस्तावते. वेळ दुप्पट दिला तरी उजेड दुप्पट उमटत नाही. तरीही रोल धुऊन आला आणि डोळ्यांना करडा-हिरवट दिसलेला ढग त्यात लालभडक दिसला, की कष्टांचं चीज व्हायचं. तो लाल रंग हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसतच नाही.

हिरवट छटेची गोष्ट पुण्यातून जाते आणि ती फार कमी सांगितली जाते. तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९०-९१च्या सुमारास २० इंची दुर्बिणीतून याच मेघाचा वर्णपट तपासला. त्यातली ठळक हिरवी रेघ मॅग्नेशियमची, असं ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर म्हणत होते. नायगमवालांना ती कायम बारीक आणि रेखीव दिसली, म्हणजे मॅग्नेशियमचा धूसर पट्टा नव्हे. १९२७ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ बोवेन यांनी उलगडा केला: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. आजचा 'ओ-थ्री' फिल्टर हीच रेघ पकडतो.

डिजिटल कॅमेरे आले, पण त्यांच्या सेन्सरपुढची काच नेमका हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवायची. मग ती काढून घेण्याचा उद्योग सुरू झाला. तारा धरून ठेवण्याचं काम संगणकाने उचललं.

नागपूरकरांची कसोटी मात्र उन्हाळ्यात. धनू राशीतला एम-८ रात्री सोयीच्या वेळी वर येतो तो ऐन पावसाळ्यात, म्हणून त्याला एप्रिल-मेच्या पहाटे गाठावं लागतं. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हाही उष्णता सोडत असतो, तारे थरथरतात, आणि तापलेल्या सेन्सरमुळे फोटोभर रंगीत ठिपके पडतात. सेन्सर सहा-सात अंशांनी तापला की हा उपद्रव साधारण दुप्पट होतो. बाहेरच्या हवेपेक्षा सेन्सर ३५-४० अंशांनी थंड ठेवणारे कॅमेरे आले, ती माझ्या मते आपल्या गावासाठी सगळ्यात मोठी सोय.

दरम्यान पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. सोडियमचा उजेड फिल्टरने बराचसा गाळता यायचा. एलईडीचा वर्णपटभर पसरतो. त्यावर तोड निघाली ती ३ ते ७ नॅनोमीटरचीच फट ठेवणाऱ्या नॅरोबँड फिल्टरची. आता भर शहरातून, चांदण्या रात्रीही रोझेट तेजोमेघ मिळतो. पण हे फिल्टर वायूच्या ठरावीक रेघाच देतात. मृगातलाच एम-७८ धुळीवरून परावर्तित झालेल्या निळ्या प्रकाशाने दिसतो. तिथे ते निरुपयोगी. त्याला खराखुरा अंधारच लागतो.

म्हणून जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला गेला. आता दुर्बीण गाडीत टाकून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, फिल्टर न लावता एम-७८ टिपता येतो.