वायरमन येण्याआधी

आपण इंजिनियरिंगवाले! व्हायव्हात स्टार-डेल्टा घडाघडा सांगणार, पण रूमवरचा पंखा बंद पडला की फोन मात्र वायरमनलाच. त्यात लाज काही नाही. फक्त तो येण्याआधी आपलीही थोडी तयारी हवी, हे मला नारायण पेठेत राहायला आल्यावर कळलं.

पहिली तयारी फोनवरच. "पंखा चालत नाही" एवढंच सांगू नका. तो नुसता गुणगुणतोय आणि काठीने ढकलल्यावर फिरतोय, असं सांगितलंत तर काका कपॅसिटर (बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा) खिशात टाकूनच निघतात. नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा लक्ष्मी रोडची गर्दी कापत दुकान गाठा! गल्लीत पी-१, पी-२ पार्किंग असेल तर आज गाडी कोणत्या बाजूला लावायची तेही सांगून टाका. आणि गुरुवार टाळा. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारीच बंद ठेवतात. मग काम झालं की नाही ते तपासणार कसं?

पंख्याखालची कॉट सरकवा, दोरीवरचे कपडे काढा, स्टूल मागून ठेवा. मीटरच्या कुलपाची किल्ली मालकांकडून सकाळीच घ्या. दुपारी एक ते चारमध्ये बेल वाजवायची माझी तरी हिंमत नाही!

आता खरी गोष्ट. काका आले तेव्हा मी ऐटीत मेन स्विच बंद केला आणि म्हणालो, "करा सुरू." त्यांनी बोर्ड उघडला आणि हात घालण्याआधी टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला!

"इन्व्हर्टर कुठाय?" काकांनी शांतपणे विचारलं. मला पत्ताच नव्हता. तो मालकांच्या बाल्कनीत होता आणि आमची लाइन त्याच्यावर होती. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानेइतबारे बॅटरीवरून २३० व्होल्ट द्यायला लागतो. बरं, नुसता इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही, कारण बहुतेक इन्व्हर्टर बंद असले तरी मेनची वीज आरपार जाऊ देतात. म्हणून दोन्ही बंद हवेत.

आता आमच्याकडे प्रत्येक एमसीबीखाली नावाची चिकटपट्टी आहे. काम चालू असताना एक जण मेनपाशी उभा राहतो, नाहीतर कुणीतरी "अरे, लाइट का नाही?" म्हणत खटका वर करायचा.

आणि हो, पीसीवरचं सबमिशन आधी सेव्ह करा. ते मी केलं नव्हतं.