आधी पाणी बघा, मग तिकीट काढा

ब्राझील म्हटलं की अ‍ॅमेझॉन, आणि पांतानाल म्हणजे त्यातलाच एक कोपरा, असं अनेकांना वाटतं. पांतानाल अ‍ॅमेझॉनच्या नव्हे, पॅराग्वे नदीच्या खोऱ्यात आहे. पसारा सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र. थोडा भाग बोलिव्हिया आणि पॅराग्वेत. पोर्तुगीज नावात ‘दलदल’ असली तरी हे पुराचं मैदान आहे. पाणी ओसरलं की तिथे गुरं चरतात. बहुतेक जमीन पशुपालकांच्या खासगी मालकीची आहे आणि पर्यटकांचा मुक्कामही बऱ्याचदा त्यांच्याच वाड्यांवर पडतो.

तारखांचा घोळ याहून मोठा. जून ते सप्टेंबर हा आपला पावसाळा, तिथला कोरडा हिवाळा. डबकी आटतात, प्राणी नदीकाठी गोळा होतात. पोकोनेहून निघणारी ट्रान्सपांतानेरा ही मातीची वाट शंभराहून जास्त पूल ओलांडून पोर्तो जोफ्रेला संपते. तिथून होडीने जग्वार बघायचे, तर जुलै ते ऑक्टोबर. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर पाणी, पक्षी भरपूर. जग्वारची खात्री नको. शिवाय उतार इतका कमी, किलोमीटरमागे जेमतेम काही सेंटिमीटर, की उत्तरेला पडलेला पाऊस दक्षिणेला पोचायला महिने लागतात. आकाश निरभ्र आणि पूर मात्र चढतोय, असं तिथे घडतं. आणि हो, स्वेटर घ्याच. उष्ण कटिबंध असला तरी दक्षिणेचं वारं सुटलं की पारा दहा अंशांपर्यंत उतरतो.

दक्षिणेला बोनितो हे गाव. तिथल्या नद्या काचेसारख्या नितळ, म्हणून ‘किती शुद्ध पाणी!’ असं सहज तोंडून निघतं. खरं तर त्या पाण्यात चुनखडी भरपूर विरघळलेली आहे, आणि नितळपणा तिच्यामुळेच आहे. हंड्यात तुरटी फिरवल्यावर गाळ खाली बसतो, तसे इथे चुन्यामुळे बारीक कण तळाला जातात. पाण्यात पडलेल्या काटकीवरही गिझरच्या कॉइलवर धरतो तसा पांढरा थर चढतो. म्हणूनच तळाला पाय टेकवायचा नाही. अंग सैल सोडून प्रवाहाबरोबर तरंगत जायचं. एकाने पाय मारले की मागच्या सगळ्यांना गढूळ पाणी. सनस्क्रीन, डासांचं मलम लावून उतरायला मनाई आहे.

‘तिथे गेल्यावर बघू’ हा आपला लाडका बेत बोनितोत फसतो. प्रत्येक ठिकाणी रोजच्या माणसांची संख्या ठरलेली, वाटाड्या बहुतेक जागी सक्तीचा, आणि व्हाउचर स्थानिक एजन्सीकडून आधीच घ्यावं लागतं. मला ही शिस्त जाचक नाही, हेवा वाटावी अशी वाटते.

पिरान्हा माशांची भीती सिनेमातली. वाटाड्या सांगेल तिथेच उतरा, एवढं पुरे.

खरी काळजी कागदाची. व्हिसा मिळाला म्हणजे झालं, असं नाही. ब्राझीलहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि एक डोस जन्मभर पुरतो. दाखल्याचं ते पिवळं पुस्तक सामानात नको, पासपोर्टातच खोचून ठेवा.