जुन्या फोनची बॅटरी, नवं काम

नोकियाच्या जुन्या फोनमधली बीएल-५सी बॅटरी छोट्या रेडिओला आजही चालते. छंदाच्या सर्किटलाही चालेल. मात्र जराशी जरी फुगलेली असेल तर मोह नको, थेट ई-कचऱ्यात. मल्टिमीटर लावून बघा. व्होल्टेज २.५च्या खाली गेलं असेल तर ती जिवंत करायच्या फंदात पडू नका.

चार्जिंगला टीपी४०५६ मॉड्यूल घ्या, संरक्षण सर्किट असलेलंच. खरी गोम पुढे आहे: हे मॉड्यूल मुळात १ अँपिअर सोडतं आणि थकलेल्या बॅटरीला ते सोसत नाही. त्यावरचा १.२ किलोओहमचा बारीकसा रेझिस्टर काढून ४ किलोओहमचा बसवला की प्रवाह ३०० मिलिअँपिअरच्या आसपास येतो. सोल्डरिंग सेलच्या पत्र्यावर कधीच नको. पहिलं चार्जिंग उघड्या फरशीवर, डोळ्यांदेखत करा. गादीवर तर मुळीच नाही.