इशापूरच्या रायफलचा बोल्ट असा स्वच्छ करा

इथे टेक्ससमध्ये एका मित्राने जुनी लष्करी रायफल घेतली. ली-एनफिल्ड घराण्यातली 2ए1, १९६० च्या दशकात आपल्याच इशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिमी नाटो गोळीसाठी बनलेली. बोल्ट मागे ओढायला दोन्ही हात लागत होते. दोष यंत्राचा नव्हता, वाळून घट्ट झालेल्या साठवणुकीच्या ग्रीसचा होता.

सर्वात आधी मॅगझिन काढा. चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा.

बोल्ट पूर्ण मागे घ्या, पुढचं बोल्ट हेड वर उचकटून खाचेतून सोडवा आणि बोल्ट बाहेर काढा. हेड हाताने उलटं फिरवलं की सुटतं.

सगळे भाग मिनरल स्पिरिटने धुवा, खिडक्या उघड्या ठेवा. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली आणि मागच्या लॉकिंग लग्जच्या खाचांत जुन्या ब्रशने घासा. तपकिरी चिकटा तिथेच दडतो.

जुन्या क्षारयुक्त प्रायमरच्या गोळ्या झाडल्या असतील, तर नळी, चेंबर आणि बोल्टचं तोंड आधी गरम पाण्याने धुवा. त्यातले क्षार तेलात विरघळत नाहीत, गंज आणतात. मग कोरडं करून तेलाचा पातळ हात फिरवा.

फायरिंग पिन काढायला खास हत्यार लागतं. ते नसेल तर पिनला हात लावू नका.

बोल्टच्या दांड्यामागचा क्रमांक रायफलशी जुळतो का, तेही पाहा. दुसऱ्या रायफलचा बोल्ट असेल तर गोळी झाडण्याआधी बंदूक-कारागिराकडून हेडस्पेस तपासून घ्या.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.