सर म्हणाले म्हणून…

वॉर्डात काही चुकलं की पहिलं वाक्य ठरलेलं. ‘सर म्हणाले म्हणून दिलं.’ कधी ते खरं असतं, कधी अर्धं खरं. पण आपल्या कानाला त्यात वावगं काही वाटत नाही. उलट सिस्टर सांगितल्याप्रमाणे वागतात, असंच वाटतं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात नर्स म्हणून नोंदणी हवी असेल, तर या वाक्याला कायद्यात काडीची किंमत नाही हे आधी शिकावं लागतं. त्यासाठी तिथे एक स्वतंत्र परीक्षाच आहे.

नर्सिंग ज्युरिसप्रुडन्स एक्झाम असं तिचं भारदस्त नाव. राज्यात पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्याला 1 सप्टेंबर 2008 पासून ती सक्तीची झाली, मग तो तिथेच शिकलेला असो की कोट्टायमहून किंवा कोल्हापूरहून आलेला. 50 प्रश्न, दोन तास, पास व्हायला 75 टक्के. सलाइनचे थेंब कसे मोजायचे, इन्सुलिन कधी रोखायचं, असलं इथे काही नाही. ते सगळं एनक्लेक्स या नर्सिंगच्या लायसन्स परीक्षेत. ती खरी धाकाची परीक्षा. आधीची उत्तरं बघून संगणक पुढचा प्रश्न काढतो, 85 ते 150 प्रश्नांच्या मध्ये कुठेही थांबतो आणि पाच तास माणसाला खुर्चीत बसवून ठेवू शकतो. तिच्यासाठी मुली क्लास लावतात, नोकरी सांभाळून महिनोन्महिने रात्री जागतात. त्या मानाने कायद्याचा पेपर म्हणजे आपल्या कॉलेजातला पर्यावरणाचा पेपर. द्यायचा म्हणून द्यायचा.

मला मात्र दोन्हींतला हा छोटा पेपरच जास्त रंजक वाटतो. लायसन्सचे नियम, नीतिमत्ता, शिस्तभंगाची कारवाई हे विषय अपेक्षितच आहेत. त्याशिवाय ‘पिअर रिव्ह्यू’ आहे, म्हणजे नर्सच्या कामाची नर्सनीच केलेली तपासणी. कोणतं काम लायसन्स नसलेल्या मदतनिसाकडे सोपवता येतं आणि कोणतं नाही, हेही आहे. आपल्या भाषेत, मावशींना काय सांगायचं आणि काय स्वतःच करायचं. आपल्याकडे हे ज्ञान वॉर्डात पाहून पाहून येतं, आणि अनेकदा चुकीचं येतं.

या नियमांमागे एक जुना खटला उभा आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकाला रेमंडव्हिल नावाचं छोटं गाव. तिथल्या काउंटी रुग्णालयात एक माणूस मित्राबरोबर आला. छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ जातेय. डॉक्टरांनी नर्सला सांगितलं, यांना हार्लिंजनला पाठव. हार्लिंजन तिथून 24 मैलांवर. नर्सला हृदयविकाराचा संशय आला होता. तरी तिने ना नाडी पाहिली, ना बीपी घेतलं. तिने मित्राला विचारलं, सीपीआर येतो का? गाडीचे दिवे लुकलुकते ठेवा, वेगात जा, सीबी रेडिओवर मदत मागा, असंही सांगितलं. काही मैल गेल्यावर रुग्ण वारला.

हा प्रसंग वाचताना मी दर वेळी त्या एका प्रश्नापाशी अडतो. सीपीआर येतो का, असं विचारणाऱ्या बाईला पुढे काय होऊ शकतं हे कळलेलं होतं. म्हणजे तिच्या ज्ञानात खोट नव्हती. आपल्याला जे कळलंय त्यावर आपणच काही करायचं असतं, हे तिच्या हिशेबात नव्हतं. एनक्लेक्ससारख्या परीक्षेत ती कदाचित उत्तम गुणांनी पास झाली असती.

नर्सिंग बोर्डाने तिचं लायसन्स एक वर्षासाठी निलंबित केलं. ती कोर्टात गेली. डॉक्टरांचा हुकूम होता, रुग्णालयाचं धोरणही तसंच होतं, हा तिचा बचाव. ऑस्टिनच्या अपील न्यायालयाने 1983 मध्ये तो फेटाळला. राज्य नर्सला लायसन्स देतं, त्यातून रुग्णाविषयीचं तिचं स्वतःचं कर्तव्य निर्माण होतं. डॉक्टरांचा हुकूम किंवा रुग्णालयाचा नियम त्याच्या वर नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तिच्या नावाने, लन्सफर्ड खटला म्हणून, तो तिकडच्या नर्सिंगच्या वर्गात आजही शिकवतात. सध्याच्या नियमावलीतला 217.11 हा नियम नर्सची जी कर्तव्यं सांगतो, ती याच वाटेने जातात.

बोलायला हे सोपं. घराचा हप्ता चालू असलेल्या बाईने सुपरवायझरला ‘नाही’ कसं म्हणायचं? समजा, रात्रपाळी आहे. आयुष्यभर बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलेल्या नर्सला फोन येतो, आज आयसीयूत माणूस कमी आहे, तिकडे जा. तिकडे व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट तिच्या वाट्याला. यंत्राचा अलार्म वाजला तर कोणतं बटण दाबायचं इथपासून सुरुवात. गेली नाही तर नोकरीवर संकट, गेली आणि काही झालं तर लायसन्सवर.

टेक्सासच्या कायद्याने इथे एक तिसरी वाट काढली आहे. तिचं नाव सेफ हार्बर, सुरक्षित बंदर. काम हातात घेण्याआधी नर्सने थोडक्यात लिहून द्यायचं: स्वतःचं नाव, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं काम सांगितलं, कोणी सांगितलं आणि त्यात धोका काय. कागद दिला की तिच्या लायसन्सला संरक्षण मिळतं आणि मालकाला तिच्यावर डूख धरता येत नाही. मग नर्सेसची समिती 14 दिवसांत ठरवते की ते काम सांगणं योग्य होतं की नाही, आणि त्यावर नर्सिंग प्रमुखाला 48 तासांत आपलं म्हणणं नर्सला कळवावं लागतं. मुख्य अट जाचक आहे: मागणी आधी हवी. पेशंट गेल्यावर, पहाटे हँडओव्हर देताना आठवलं तर उपयोग नाही. म्हणून हे नाव आणि ही अट नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी माहीत असणं गरजेचं.

आपल्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषद 1966 च्या कायद्याखाली नोंदणी करते. पदविका किंवा पदवी पास झाली की नोंदणी मिळते. कायदा आणि नीतिमत्ता अभ्यासक्रमात येऊन जातात, नोंदणीच्या दारात त्यांचा वेगळा पेपर नसतो. भारतीय परिचर्या परिषदेची आचारसंहिता आहे, ती वाचायलाही चांगली आहे. पण आयसीयूत पाठवलेली आपली सिस्टर इन्चार्जना तोंडीच सांगते, मॅडम, मला जमणार नाही. इन्चार्ज म्हणतात, आजची रात्र काढ गं, उद्या बघू. त्या संभाषणाचा कागद कुठेच नसतो.

अर्थात कागदाने सगळं भागतं असंही नाही. पश्चिम टेक्सासमधल्या कर्मिट या तेलाच्या गावात 2009 मध्ये ॲन मिशेल आणि व्हिकिलिन गॅली या दोन नर्सनी एका डॉक्टरांच्या उपचारांबद्दल राज्याच्या मेडिकल बोर्डाला निनावी पत्र लिहिलं. पेशंटची नावं टाळली, फक्त केसपेपरचे नंबर दिले. डॉक्टर तिथल्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, मैत्रीतले. शेरीफने पत्र कोणी लिहिलं ते शोधून काढलं, संगणक जप्त केला. दोघींची नोकरी गेली आणि सरकारी माहितीचा गैरवापर केल्याचा फौजदारी गुन्हा दाखल झाला. शिक्षा दहा वर्षांपर्यंतची. देशभरातल्या नर्सनी खटल्यासाठी पैसे गोळा केले. गॅलीवरचा आरोप खटल्याआधीच मागे घेतला गेला. मिशेलचा खटला फेब्रुवारी 2010 मध्ये शेजारच्या अँड्र्यूज गावात चालला. ज्युरीने तासाभराच्या आत तिला निर्दोष सोडलं. पुढे दोघींना साडेसात लाख डॉलरची भरपाई मिळाली, शेरीफलाच शिक्षा झाली आणि 2011 मध्ये विधिमंडळाने तक्रार करणाऱ्या नर्सचं संरक्षण वाढवलं.

दोघींची मिळून कर्मिटच्या रुग्णालयात चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. ज्युरिसप्रुडन्सची परीक्षा सुरू झाली तेव्हा त्यांची नोंदणी केव्हाच जुनी झालेली होती. तो 50 प्रश्नांचा पेपर त्यांच्यासाठी नव्हताच.